पुंजारामाच्या वहाणा

आधीच कबूल करून टाकतो. या गोष्टीत दुसऱ्याच्या वहाणा पायात घालून गावभर मिरवणारा जो माणूस येतो, तो माझा खापरपणजोबा. नाव नत्थुजी. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना त्याला गाळायचा प्रयत्न तीन पिढ्यांनी करून पाहिला. पण त्या वहाणा त्याच्या पायात नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून तो गाळता येत नाही.

गाव दर्यापूर आणि अकोट यांच्या मधलं. साल इंग्रजी अठराशे पासष्ट. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती आणि त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोण कोणाशी लढतंय हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं, पण ती लढाई मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ मात्र नेमानं फुटत होते. एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. दुसऱ्यानं मुंबईहून टोले देणारं घड्याळ आणवलं. ते वाचता कोणालाच येईना, म्हणून ते वाजलं की ओसरीवरची सगळी मंडळी आदरानं गप्प बसत.

अशा गावात पुंजाराम तेवढा उदास होता आणि गावाला ते जरा गैरच वाटत होतं. दुष्काळात तोंड पाडून बसलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. सुकाळात तसं बसणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून ताट सरकवून देण्यासारखं. लोकांनी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

पुंजारामानं साठी ओलांडली होती. चांगला उंच माणूस, कमरेत थोडा वाकलेला, आणि पायात नेहमी करकर वाजणाऱ्या जाड वहाणा. त्याची सगळी कीर्ती त्याच्या उजव्या हातात होती. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं: हा पहिल्या वेच्याचा, हा दवात वेचलेला, ह्यात गेल्या सालचा मिसळला. व्यापारी ढिगाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघून भाव करत. ह्याबद्दल तो घेत काय असे, तर पान आणि सुपारीचं एक खांड. बायको सुभद्रा त्याला चिडवायची, "माह्या बापाच्या घरी आले तवा हा हात कुठं इसरून आलते?" तो म्हणायचा, "तवाच तर घातला होता. पहिल्या वेच्याचा निंगाला म्हनून गाडीत भरला." हे त्यांचं चाळीस वर्षांचं ठरलेलं भांडण होतं.

मग ती तेजी आली. घेणाऱ्यांना इतकी घाई की पाला, माती, ओल, काही चालायचं. एके दिवशी पुंजारामानं ढिगात हात घातला आणि म्हणाला, "वला हाय." दलाल म्हणाला, "बाबा, हात काढा, गाडी भरायची आहे." त्यानं हात काढला. त्यानंतर कोणी त्याला बोलावलं नाही. त्याच पावसाळ्यात सुभद्रा चार दिवसांच्या तापानं गेली.

पुढचे सात-आठ महिने पुंजाराम हळूहळू विझत गेला. कोंबडं आरवायच्या आधी जागा व्हायचा आणि तसाच बसून राहायचा. भाकरीचा चतकोर खाल्ला तर खाल्ला. पागोटं बांधेना, पारावर जाईना. मुलगा रामराव कापसाच्या गाड्यांमागे धावत होता. त्याला वाटलं, बापानं आयुष्यभर कष्ट केले, आता आराम करतोय. सून शकुन हिच्या तेवढं ध्यानात आलं की सासरे हल्ली भाजीला नाव ठेवत नाहीत. पण कुठल्या सुनेनं ह्याची तक्रार केली असती? तिनं देवाचे आभार मानले आणि गप्प राहिली.

होळीनंतर पुंजाराम वस्तू वाटू लागला. अडकित्ता एकाला दिला, घोंगडी दुसऱ्याला, बैलांच्या घुंगरमाळा तिसऱ्याला. गावानं दोन दिवस विचार केला आणि ठरवून टाकलं: पुंजाराम काशीला निघाला. तेव्हा काशीला जाणारा माणूस अशीच निरवानिरव करून जायचा, कारण गेलेल्यांतले निम्मेच परत यायचे. कोणी तोंडावर विचारलं, "काशीले ना?" तर पुंजाराम जमिनीकडे बघत बसायचा. म्हाताऱ्या माणसाचं न बोलणं आपल्या सोयीनं वाचायची आमच्या गावाला जुनी सवय आहे. लोक त्याच्या पाया पडू लागले.

आणि मडकी यायला लागली.

त्या काळी गेलेल्या माणसाच्या अस्थी घरात आणत नसत. लहानशा मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून, त्या झाडाला टांगून ठेवत. गंगेकडे जाणारा कोणी भेटला की त्याच्या हवाली करत. आमच्या नत्थुजीचा बाप शेतातल्या बाभळीला अकरा वर्षं टांगलेला होता. वारा सुटला की मडकं हलायचं आणि नत्थुजी औत हाकता हाकता त्याला रामराम घालायचा. पुंजारामाची बातमी कळताच सगळ्यात आधी तोच बापाला खांद्यावर टाकून आला. पुंजारामाच्या आवारातल्या निंबाला सुभद्रेचं मडकं होतंच, त्याच्या शेजारी यानं बापाला बांधलं. मग जाता जाता म्हणाला, "बाप्पू, वहाना झकास हायेत तुमच्या." पुंजारामानं वहाणा काढल्या आणि पुढे सरकवल्या. दुसऱ्या कोणी नको-नको तरी म्हटलं असतं. आमच्या पूर्वजानं तिथेच पाय घालून पाहिले. दोन बोटं मोठ्या होत होत्या, तरी निघाला.

दोन गल्ल्या सोडून पुंजारामाची थोरली बहीण जयवंता राहायची. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आता सत्तरीला टेकलेली, आणि जिभेला अशी धार की भांडणारी कुत्रीसुद्धा तिच्या दारापुढे गप्प व्हायची. तीन-चार दिवसांनी एका दुपारी तिनं गल्लीत करकर ऐकली. तिला वाटलं, पुंजा घराबाहेर पडला, माझ्याकडे येतोय. तिनं लगबगीनं पाट मांडला, गुळाचा खडा काढला, पाण्याचा तांब्या भरला. कित्येक महिन्यांत प्रथमच तिला इतका आनंद झाला होता. दार उघडलं तर नत्थुजी.

"ह्या वहाना कुठून आनल्या रे?"

"पुंजाबाप्पूनं देल्ल्या, माय. काशीले चालले ना थे."

"काशी किती कोस हाय?"

"असन तीनशे."

"आन थो अनवानी चालला तीनशे कोस?"

नत्थुजीनं ह्याचा विचार केला नव्हता. आमच्या पूर्वजाच्या बाजूनं एवढंच म्हणतो की विचार करायची त्याला एकूणच सवय नव्हती. जयवंतेनं मात्र तो तिथेच केला. अडकित्ता देणारा माणूस काशीला जात असेल, घोंगडी देणाराही जात असेल. वहाणा देणारा कुठे जायला निघालाय, हे तिला कळलं. पाट तसाच टाकून ती निघाली.

पुंजाराम निंबाखाली बसला होता. ती त्याच्या समोर मातीत बसली आणि आडवळण न घेता विचारलं.

"पुंजा, तुले मराचं हाय का?"

त्यानं मातीवरचा निंबाचा पाला हातानं बाजूला सारला. मग म्हणाला, "हो, बाई."

"कधी?"

"आखाजीले सुभद्रेच्या नावाची घागर भरतो. मंग." अक्षय्य तृतीयेला थोडेच दिवस उरले होते.

"काहून गा?"

"सकाय झाली का वाटते, कायले झाली. जेवन मातीवानी लागते. रामराव चांगला हाय, सून चांगली हाय, कोनाचा दोष नाई. पन माह्या हाताले काम नाई राह्यलं, आन हात धराले कोनी नाई राह्यलं. मी अडगळ झालो, बाई."

पाळण्यापासून जयवंतेनं ज्याला खेळवलं तो भाऊ हे बोलत होता. तिला रडू आलं असतं, पण रडू यायच्या आधी तिला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं फार चांगलं चालायचं. तिनं निंबाकडे बोट केलं. तोवर तिथे पाच मडकी झाली होती.

"आन ह्याइचं काय?"

"रामराव पोचवीन."

"रामराव? त्याले रूई पोचवाले फुरसत नाई. लोकं काय म्हनतीन? पुंजारामानं आमचे मायबापं घेतले आन झाडाले लटकवून आपन निंगून गेला. जलमभर दुसऱ्याच्या ढिगातली माती काढली तुवा. आता ही माती कोन काढन?"

पुंजाराम पाचही मडक्यांकडे बघत राहिला. शब्दाचा माणूस होता तो. घेतलेलं काम अर्धं टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेवटी कुरकुरत म्हणाला, "बरं. आखाजी झाली का नेऊन पोचवतो. मंग तं झालं?"

"वैशाखात? जबलपूर बी नाई पाहाशीन, रस्त्यातच ऊन लागन. मंग नत्थ्याचा बाप आनखी अकरा वर्स बाभयीले. दर्यापूरची मंडळी दिवाळी करून निंगते काशीले. त्याइच्या संग जा. तवर माह्या देखत मराचं नाव काढाचं नाई. एवढं देशीन का बहिनीले?"

"दिवाळीपर्यंत," तो म्हणाला. जयवंतेनं त्याचा तो प्रसिद्ध हात आपल्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं. सहा महिने मिळाले होते.

पण नुसत्या वचनावर ती विसंबली नाही. तिथून उठून थेट रामरावाकडे गेली आणि त्याला सगळं सरळ शब्दांत सांगितलं. "मले वाटलं, आराम करून राह्यले," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्या दिवसापासून पुंजाराम एकटा असा राहिला नाही. जयवंतेनं आपलं अंथरूण उचलून भावाच्या ओसरीवर आणलं. रामराव कितीही उशीर झाला तरी बापाच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसू लागला. शकुन निवडणं-टिपणं घेऊन निंबाखाली येऊ लागली. आणि तिनं एक गुपचूप उद्योग सुरू केला: भाजीत मीठ जास्त घालायचा. घरची सगळी पाण्याचे तांबेच्या तांबे रिकामे करत, रामराव डोळे वटारून बघे, पण पुंजाराम मुकाट गिळत होता. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी त्यानं घास तोंडातच थांबवला आणि म्हणाला, "मीठ."

शकुन चुलीमागे गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. सासऱ्यानं नाव ठेवलं म्हणून आनंदानं रडणारी सून आमच्या तालुक्यात तेवढी एकच.

म्हणून कोणी असं समजू नये की माणूस एका "मीठ"नं बरा झाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजला. चार दिवस बरे, मग सहा वाईट, असं चाललं होतं. वाईट दिवस लांबले की जयवंता गावात फिरायची आणि कोणाच्या तरी परसातून, कोणाच्या तरी बांधावरून एखादं विसरलेलं मडकं शोधून आणायची. गंगूबाईच्या सासूला तर घरच्यांनी साफ विसरून टाकलं होतं, ती पिंपळावर सापडली. प्रत्येक मडक्याबरोबर त्याचं माणूस यायचं, कारण काशीला संकल्प सोडायचा तर गेलेल्याचं नाव, बापाचं नाव, सगळं सांगायला हवं. आणि नाव सांगायला आलेला माणूस नुसतं नाव सांगून जातो थोडाच? गंगूबाई सासूच्या छळाचं सांगायला बसली आणि शेवटी तिच्या हातच्या ठेच्याच्या आठवणीनं डोळे पुसत उठली. नत्थुजीनं बापाच्या कंजूषपणाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की आम्हाला आमचं रक्त कळलं. ऐकता ऐकता एका संध्याकाळी पुंजारामानंही तोंड उघडलं. सुभद्रा तापात काय काय बोलत होती, ते त्यानं वर्षभरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

इकडे पावसाळ्यात बातमी आली की ती समुद्रापलीकडची लढाई मिटली. नारळ फुकट गेले. भाव कोसळला, घड्याळवाल्यानं घड्याळ विकायला काढलं, पण ते घेणार कोण?

भादव्यात पितृपक्ष लागला आणि पुंजाराम फारच खचला. तीन दिवस अन्नाला शिवला नाही. म्हणाला, "बाई, दिवाळी लय लांब हाय. तू मले सोड." जयवंता गावभर हिंडली. पण गावातली सगळी मडकी आता निंबावर होती, एकही मेलेला शिल्लक नव्हता. भावाचा जीव टांगणीला लागला होता आणि टांगायला मडकं नव्हतं. शेवटी तिनं रामरावाच्या कोठीत हात घातला, एक मडकं भरलं, वर तांबडं फडकं बांधलं आणि तोंड लांब करून आली.

"हे माह्या चुलत दिराचं. अकोटहून आनलं. लय आशेनं धाडलं गा त्याइनं."

पुंजारामानं न उठता हात पुढे केला. मडकं तळहातावर घेतलं, किंचित हलवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. हाडं खडखड वाजतात, हे नुसतं सळसळत होतं. तो उठून बसला. फडकं सोडलं, आत हात घातला आणि डोळे मिटले. तो हात सव्वा वर्षानं कशात तरी गेला होता.

"ही सरकी हाय," तो म्हणाला.

त्यानं तळापर्यंत हात नेला.

"अर्धी आपली, अर्धी बाहीरची कोनती तरी, आन खालची किडकी. बाई, मेलेल्या मानसात बी भेसळ?"

"माह्याजवळ दुसरं कोनी मेलेलं नोयतं," जयवंता म्हणाली. "मंग काय करू? तुले मरू देऊ?" आणि इतके महिने दाबून धरलेलं तिचं रडू फुटलं. पुंजाराम बहिणीकडे बघत होता, मडक्याकडे बघत होता. त्याला भयंकर राग आला होता आणि त्या रागातून कुठून तरी हसू वर येत होतं. दोन्ही एकदम आल्यावर माणसाचं जे होतं ते झालं. दोघं म्हातारी भावंडं एकमेकांना धरून रडली-हसली आणि शकुन दारात उभी राहून काय झालं म्हणून विचारत राहिली.

डोळे पुसल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "ही सरकी कोनाच्या कोठीतली?"

"रामरावच्या. पुढच्या सालच्या पेरनीले ठेवली हाय म्हने."

"हे पेरन? गाढव हाय का थो?" पुंजाराम ओरडला. त्यानं रामरावाला बोलावलं आणि त्याच्या देखत सरकी अंगणात ओतायला लावली. मग रोज सकाळी तो तिच्यापुढे बसायचा आणि एकेक दाणा बोटांत फिरवून निवडायचा. भाव पडल्यावर घेणाऱ्यांच्या डोळ्यांना पुन्हा माती दिसू लागली होती आणि वेचणी तोंडावर आली होती. शेजारीपाजारी आपापल्या कोठ्यांतून पसाभर सरकी पदरात, उपरण्यात बांधून आणायला लागले. कोणाला हाकलावं, कोणाला बसवावं, ह्यातच त्याची सकाळ जायची. वाईट दिवस त्यातही यायचे. त्या दिवशी तो निवडायला बसत नसे, पण बहिणीला हाक मारून सांगायचा, "बाई, आज बरं नाई. बसून राहा." आणि ती बसून राहायची.

दिवाळी झाली. दर्यापूरची मंडळी निघायची तारीख कळली. नऊ मडकी निंबावरून उतरवून टोपलीत बांधली गेली. पुंजारामाला नऊही जणांची नावं बापाच्या नावासकट तोंडपाठ होती. सगळ्यात वर सुभद्रा. जयवंता बरोबर जाणार होतीच, तिनं तसं कोणाला विचारलं नव्हतं.

पण एक हिशेब तिला सुटत नव्हता. तिनं दिवाळीपर्यंतचं वचन घेतलं होतं आणि दिवाळी तर होऊन गेली. मडकी गंगेत सोडल्यावर काय? हे विचारायचा तिला धीर होईना. आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ अडली होती.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं तर पुंजाराम जागेवर नव्हता. ती जशी होती तशी धावली. तर हा माणूस पागोटं बांधून, अनवाणी, आमच्या घराच्या दारात उभा, आणि समोर माझा खापरपणजोबा तोंडात राखुंडीचं बोट घालून.

"नत्थू, माह्या वहाना आन."

"बाप्पू, देल्लेली वस्तू वापस घेता?"

"हो."

नत्थुजीला फार वाईट वाटलं. त्यानं त्या वहाणांना तेल पाजलं होतं, पुढे चिंध्या कोंबून मापाच्या केल्या होत्या. तो आत गेला, रेंगाळत घेऊन आला आणि शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "काशीहून आल्यावर तरी मले द्यान ना?"

पुंजारामानं आतल्या चिंध्या काढून त्याच्या हातात ठेवल्या, पाय घातले आणि दोन पावलं टाकून पाहिली. करकर वाजली.

"नाई गा," तो म्हणाला. "आल्यावर मलेच लागतीन."

गल्लीच्या तोंडाशी जयवंता भिंतीला टेकून उभी होती. ती तिथेच खाली बसली.